पीआय-आरएनेझची तयार बाटली: कोंबडीच्या व्हायरसच्या कामासाठी घ्यावी का?

सेल सायकल, म्हणजे पेशी विभागण्याचे टप्पे (जी१, मग डीएनएची कॉपी काढायचा एस, मग जी२, मग प्रत्यक्ष विभाजनाचा एम म्हणजे मायटोसिस), बघायला जी तयार बाटली मिळते, म्हणजे प्रोपिडियम आयोडाइड (पीआय, डीएनएला चिकटून चमकणारा रंग) आणि आरएनेझ (आरएनए तोडणारं एन्झाइम) आधीच मिसळून दिलेलं लालसर द्रावण, तिच्याबद्दल लिहितेय. रिव्ह्यू तसे भरपूर सापडतात पण जवळपास सगळे कॅन्सरच्या सेल लाइनवर काम करणाऱ्यांचे असतात, औषध टाकलं, आलेखावरचा पीक (उंचवटा) हलला, पाच स्टार, विषय संपला. आमचं काम कोंबड्यांच्या व्हायरसवर आहे, व्हायरस पेशीचं विभाजन कुठे आणि कसं अडवतो हे बघायचं असतं, आणि तिथे ही बाटली जे दाखवते ते तसंच्या तसं खरं धरलं तर पेपरभर चुकीचं लिहिलं जाऊ शकतं. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण बहुतेक सगळ्यांचं द्रावण साधारण एकाच पद्धतीचं असतं आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांनाच लागू आहे.

पाचपैकी चार स्टार देते. द्रावण चांगलं आहे, एक स्टार कापलाय तो माहितीपत्रकासाठी, का ते खाली येईलच.

वापरायला एकदम सोपं. पेशी गोळा करा, धुवा, थंडगार ७० टक्के इथेनॉलमध्ये फिक्स करा, परत धुवा, अर्धा मिली द्रावण घाला, अंधारात पंधरा मिनिटं ठेवा आणि फ्लोवर, म्हणजे एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या मशीनवर, चालवा. घरी, म्हणजे लॅबमध्ये, बनवायचं तर पीआय वेगळं, आरएनेझ ए वेगळं, थोडं ट्रायटन (डिटर्जंट), मग ३७ डिग्रीला अर्धा तास, आणि दर वेळी आरएनेझची नवीन बॅच आली की धाकधूक. तयार बाटलीत ती कटकट नाही, एका महिन्याचा जी१ पीक आणि पुढच्या महिन्याचा जी१ पीक जवळजवळ एकाच जागी येतो, हे मला सगळ्यात जास्त आवडलं. इथेनॉलचं मात्र स्वतःचं तंत्र आहे, बाटली कितीही भारी असली तरी ते तुम्हालाच जमवावं लागतं. पेलेट, म्हणजे तळाशी बसलेला पेशींचा गोळा, आधी थोड्याशा पीबीएसमध्ये (खारट बफरमध्ये) पूर्ण मोकळा करायचा, ट्यूब व्होर्टेक्सवर हळू फिरत ठेवायची आणि थंड इथेनॉल थेंब थेंब सोडायचं. एकदम ओतलं तर पेशी गठ्ठ्यात फिक्स होतात, पांढरे कण तरंगताना डोळ्यांना दिसतात, आणि मग ते गठ्ठे कितीही पिपेट केले तरी सुटत नाहीत. फिक्स झालेल्या पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये नीट बसतही नाहीत, पेलेट ट्यूबच्या भिंतीवर पसरतो, त्यामुळे वरचं पाणी ओतून टाकू नका, पिपेटने काढा आणि तळाशी थोडं राहू द्या.

आता कोंबडीच्या पेशी. डीएफ-१ वापरत असाल (कोंबडीच्या भ्रूणाच्या फायब्रोब्लास्टपासून आपोआप अमर झालेली लाइन, बहुतेक पोल्ट्री लॅबमध्ये असतेच) तर पहिल्यांदा चालवताना पीक डावीकडे दाबून बसलेला दिसेल आणि वाटेल की रंगच नीट चढला नाही. तसं काही नसतं. कोंबडीच्या द्विगुणित केंद्रकात साधारण अडीच पिकोग्रॅम डीएनए असतो, माणसाच्या पेशीत असतो त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त, त्यामुळे चमकही तेवढीच कमी. डिटेक्टरचं व्होल्टेज वाढवा, काम झालं. व्हेरो पेशी (माकडाच्या) आणि डीएफ-१ एकाच दिवशी चालवत असाल तर दोघांचं सेटिंग वेगळं सेव्ह करून ठेवा. आणि एक गोष्ट मला फार आवडते ती सांगतेच, कोंबडीच्या लाल रक्तपेशींना केंद्रक असतं आणि ती केंद्रकं जगभरच्या फ्लो लॅबमध्ये डीएनए मोजायचं माप म्हणून वापरतात, म्हणजे ज्या पक्ष्याच्या व्हायरसवर आपण काम करतोय त्याच पक्ष्याचं रक्त आपल्या मशीनची पट्टी तपासायला कामी येतं. ती केंद्रकं दर वेळी सोबत चालवा, कुठल्या दिवशी लेझर रुसलाय ते लगेच कळतं.

इथपर्यंत सगळं छान, खरी गंमत व्हायरस आल्यावर आहे.

या व्हायरसांना पेशीच्या विभाजनात एवढा रस का, ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. व्हायरसला स्वतःची यंत्रणा जेमतेम असते, त्याला पेशीचा कच्चा माल लागतो, तिची प्रथिनं बनवायची यंत्रणा लागते. पेशी दोन भागांत विभागायला निघाली की सगळं आवरून घेते, प्रथिनं बनवणं मंदावतं, केंद्रकाचं आवरण मोडतं. त्यामुळे पेशी भरलेली, तयार, पण विभागलेली नाही अशा टप्प्यावर थांबवून ठेवली तर बऱ्याच व्हायरसांचं फावतं. इन्फेक्शियस ब्रॉंकायटिसचा व्हायरस, म्हणजे कोंबड्यांचा कोरोनाव्हायरस, याचं उदाहरण २००६ साली छापून आलेलं आहे, इन्फेक्टेड पेशी जी२/एम टप्प्यात साचतात, सायक्लिन डी१ आणि डी२ (सेल सायकल पुढे ढकलणारी प्रथिनं) खाली जातात, आणि जी२/एममध्ये आधीच जमवून मग सोडलेल्या पेशींत व्हायरसची प्रथिनं जास्त बनतात. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका गटाने दाखवलं की हे थांबवणं पी५३ (गरज पडली की विभाजन अडवणारं पेशीचं राखणदार प्रथिन) नसलेल्या पेशींतही होतं. तसंच या व्हायरसचं एनएसपी१३ नावाचं प्रथिन पेशीच्या डीएनए पॉलिमरेझ डेल्टाच्या एका भागाला जाऊन चिकटतं आणि डीएनएची कॉपी काढायचं काम अडखळतं, हे २०११ मध्ये आलं, आरएनए व्हायरस असून पेशीच्या डीएनएच्या कामात हात घालतो हे मला आजही भारी वाटतं. एव्हियन रिओव्हायरसमध्ये हे काम पी१७ नावाचं छोटं प्रथिन करतं, ते केंद्रकात ये-जा करतं, पी५३ आणि पी२१ चा रस्ता चालू करतं, पेशीला मायटोसिसमध्ये ढकलणाऱ्या सीडीके१ ला दाबतं, पेशी जी२/एममध्ये अडकते. चिकन ॲनिमिया व्हायरसचं अपॉप्टिन नावाचं प्रथिन तर थेट एपीसी१ ला पकडतं, म्हणजे मायटोसिस पुढे सरकवणारी जी मोठी यंत्रणा आहे तिचाच एक भाग, तेही जी२/एमच. मॅरेक्सचा, म्हणजे कोंबड्यांच्या गाठींच्या रोगाचा, व्हायरस वेगळा, त्याच्या व्हीपी२२ नावाच्या प्रथिनामुळे पेशी एस टप्प्यात थांबतात.

म्हणजे बघा, चारपैकी तीन ठिकाणी उत्तर "जी२/एम", आणि ही बाटली नेमकं जी२/एमबद्दलच सगळ्यात कमी बोलते. पीआय फक्त डीएनए किती आहे ते सांगतं. जी२ मधल्या पेशीत दुप्पट डीएनए, मायटोसिसमधल्या पेशीतही दुप्पटच डीएनए, दोघी एकाच पीकमध्ये. पेशी विभाजनाच्या दारात अडकलीये की आत शिरून अडकलीये हे पीआयला कळायचा मार्गच नाही. पण व्हायरसची कामाची पद्धत समजायला तोच तर मुद्दा आहे, सीडीके१ दाबला तर पेशी दारात अडकेल, एपीसी बंद पाडला तर ती आत जाऊन क्रोमोसोम रांगेत लावून तिथेच बसेल. दोन्हीचा हिस्टोग्राम, म्हणजे कुठल्या चमकेच्या किती पेशी हे दाखवणारा आलेख, डिट्टो सारखा. यावर उपाय सोपा आहे, हिस्टोन एच३ (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो ते प्रथिन) च्या सेरिन १० वर फॉस्फेट लागलेलं, म्हणजे मायटोसिसची खूण, ओळखणारी अँटिबॉडी सोबत लावा. हिस्टोन सगळ्या प्राण्यांत जवळजवळ सारखाच असल्यामुळे ही अँटिबॉडी कोंबडीच्या पेशींवर व्यवस्थित चालते, सायक्लिन बी१ च्या माणसासाठी बनवलेल्या अँटिबॉड्या कोंबडीवर चालतीलच असं नाही, त्या विकत घेण्याआधी नीट चौकशी करा. कंट्रोल म्हणून नोकोडॅझोल दिलेल्या पेशी ठेवा, त्या मायटोसिसमध्ये अडकतात, त्यांचा एच३ चढलेला दिसला पाहिजे. मग व्हायरसवाल्या पेशींत जी२/एम पीक मोठा आणि एच३ चढलेल्या पेशी कमी असं दिसलं तर पेशी दारातच थांबल्यात म्हणायला आधार आहे. ही बाटली अँटिबॉडीबरोबर चालते, आधी अँटिबॉडी लावायची, पीआय शेवटी, फक्त अँटिबॉडीचा रंग हिरवा घ्या, लाल घेतलात तर पीआयच्या उजेडात तो बुडून जाईल.

पण यापेक्षाही मोठी गडबड दुसरीकडे आहे आणि याबद्दल माहितीपत्रकात एक अक्षर नाही. इन्फेक्शियस ब्रॉंकायटिसचा व्हायरस आणि एव्हियन रिओव्हायरस दोघेही शेजारशेजारच्या पेशी एकमेकींत वितळवतात, सिन्सिशियम बनवतात. जी१ मधल्या दोन पेशी एक झाल्या की त्या एका पिशवीत दोन केंद्रकं, डीएनए दुप्पट, आणि मशीनला ती सरळसरळ जी२/एममधली पेशी वाटते. विभाजनाशी संबंध नाही, सेल सायकल थांबलेली नाही, तरी पीक फुगतो. मी व्हायरसच्या ट्यूबमधला एकेक थेंब फ्लोला लावण्याआधी स्लाइडवर घेऊन फ्लोरोसन्स मायक्रोस्कोपखाली बघते, आणि तिथे मोकळ्या गोल पेशींच्या मधेच जोडकेंद्रकी पेशी स्पष्ट दिसतात, दोन लाल गोळे एकमेकांना टेकून, कडा एकच. तीन-चार केंद्रकं असलेल्याही असतात. मॉकच्या, म्हणजे व्हायरस न टाकलेल्या, ट्यूबमध्ये तशा अगदी तुरळक. हे डोळ्यांनी बघितल्यावर त्या ट्यूबच्या जी२/एम आकड्यावर तसाच्या तसा विश्वास ठेवणं शक्यच नाही.

कुणी म्हणेल की डबलेट गेट, म्हणजे चिकटून आलेल्या जोड्या वगळायची गाळणी, लावा, पल्सची रुंदी बघा, रुंद असतील ते काढून टाका. लावा, लावलाच पाहिजे, पण इथे तो दोन्ही बाजूंनी कापतो. २००६ च्या त्याच कामात असंही दिसलं होतं की काही इन्फेक्टेड पेशींत केंद्रक विभागतं पण पेशी विभागत नाही, म्हणजे सायटोकायनेसिस फसतं. आता ही पेशीसुद्धा दोन केंद्रकांची, तीसुद्धा रुंद, आणि ती मात्र खरोखर व्हायरसने विभाजनात घातलेला घोळ आहे! गेट कडक लावला तर सिन्सिशियमबरोबर हीसुद्धा कचऱ्यात जाते, सैल ठेवला तर सिन्सिशियम जी२/एममध्ये मोजलं जातं. म्हणून माझ्या मते या दोन व्हायरससाठी प्रत्येक सॅम्पलचे दोन भाग करायलाच हवेत. एक भाग नेहमीसारखा अख्ख्या पेशींचा. दुसऱ्या भागात सायट्रेट आणि थोड्या डिटर्जंटने बाहेरची पिशवी फोडून नुसती केंद्रकं काढायची आणि त्यांना पीआय लावायचं, हे फिक्स करण्याआधी ताज्या पेशींवर करायचं. केंद्रकं सुटी झाली की जोडकेंद्रकी पेशीतली दोन्ही केंद्रकं आपापल्या जागी, जी१ मध्ये, जाऊन बसतात, आणि खरी जी२ मधली एकच केंद्रक असलेली पेशी जी२ मध्येच राहते. दोन हिस्टोग्राममधला फरक म्हणजे जोडकेंद्रकी पेशींचा वाटा. त्यातल्या वितळून झालेल्या किती आणि सायटोकायनेसिस फसून झालेल्या किती हे मात्र मायक्रोस्कोपवरच बघावं लागतं. हे करताना एक लक्षात ठेवा, मायटोसिसमधल्या पेशीला केंद्रकाचं आवरणच नसतं त्यामुळे त्या केंद्रकांच्या प्रेपमध्ये नीट टिकत नाहीत, एच३ ची मोजणी अख्ख्या पेशींतच करा.

रिओव्हायरसची आणखी एक गोष्ट. पेशी वितळवणारं पी१० आणि विभाजन थांबवणारं पी१७, दोन्ही जनुकाच्या एकाच एस१ तुकड्यावरून बनतात. म्हणजे पूर्ण व्हायरस टाकलात तर दोन्ही परिणाम एकत्र येणार, सोडवायला अवघड. म्हणूनच पी१७ एकटं पेशीत बनवून बघितलेली कामं एवढी महत्त्वाची, तिथे पेशी वितळत नाहीत तरी जी२/एम वाढतो, तेव्हा कुठे म्हणता येतं की हे पी१७ चंच काम. तुमच्याकडे पी१७ बनवणारं प्लाझ्मिड (पेशीत टाकायचा डीएनएचा गोल तुकडा) असेल तर तो कंट्रोल नक्की ठेवा, बाटलीचे पैसे वसूल होतील ते तिथेच.

माहितीपत्रकासाठी स्टार कापला तो आरएनेझमुळे. पीआय डीएनएला चिकटतं तसं दुपेडी आरएनएलाही चिकटतं, म्हणून तर आरएनेझ घालतात. पण आरएनेझ ए दुपेडी आरएनए किती तोडतं हे मिठावर अवलंबून असतं, मीठ कमी असेल तर एकपेडी-दुपेडी दोन्ही तोडतं, मीठ जास्त असेल तर दुपेडी बऱ्यापैकी शाबूत राहतो. नेहमीच्या पेशींत दुपेडी आरएनए फारसा नसतो त्यामुळे कुणाला फरक पडत नाही. पण रिओव्हायरसचा अख्खा जीनोमच दुपेडी आरएनए आहे, दहा तुकडे, सगळे मिळून साधारण साडेतेवीस हजार बेस जोड्या. कागदावर हिशोब करून बघा, एका पेशीत दहा हजार प्रती धरल्या तर साडेतेवीस कोटी जोड्या, आणि कोंबडीच्या द्विगुणित जीनोमच्या साधारण दोनशे दहा कोटी, म्हणजे अकरा टक्के. यातला बराचसा व्हायरसच्या कवचात बंद असतो आणि पीआय आरएनएवर डीएनएइतकंच चमकेल असंही नाही, त्यामुळे खरा परिणाम याहून कमी असेल, पण जी१ आणि सुरुवातीचा एस यांच्यातला फरकही थोड्या टक्क्यांचाच असतो. म्हणून मी विचारलं की द्रावणात मीठ किती आणि आरएनेझ किती, तर उत्तर आलं की फॉर्म्युला गोपनीय आहे. आरएनेझचा प्रकार आणि मिठाचं प्रमाण एवढं तरी सांगायला काय हरकत आहे, त्यावर कुणाचं संशोधन उभं आहे. केंद्रकांच्या प्रेपचा इथेही फायदा होतो, रिओव्हायरस पेशीद्रव्यात वाढतो, ते धुवून गेलं की त्याचा आरएनएही बराचसा जातो.

मॅरेक्सचं याच्या उलट. तो हर्पीसव्हायरस, केंद्रकात वाढतो, जीनोम साधारण एक लाख ऐंशी हजार जोड्यांचा डीएनए, हजार प्रती झाल्या तर अठरा कोटी. पीआय हा डीएनए पेशीच्या डीएनएतच मोजणार, केंद्रकं सुटी करूनही सुटका नाही. जी१ मधली पेशी व्हायरसच्या डीएनएमुळे एसकडे सरकलेली दिसू शकते. व्हीपी२२ एकटं बनवलं तरी एस टप्पा अडतो हे माहीत असल्यामुळे मूळ मुद्द्याला धक्का नाही, पण तुमच्या स्वतःच्या सॅम्पलमध्ये आकडा किती खरा हे नुसत्या पीआयवर सांगता येणार नाही. शिवाय मॅरेक्सचा व्हायरस पेशीतून पेशीतच जातो, डिशमध्ये थोड्याच पेशी इन्फेक्टेड असतात, सगळ्यांचा एकत्र हिस्टोग्राम काढलात तर काहीच झालं नाही असं दिसेल. इन्फेक्टेड पेशी अँटिबॉडीने वेगळ्या ओळखूनच बघायला हव्यात. जीएफपीवाला (हिरवं चमकणारं प्रथिन बनवणारा) व्हायरस असेल तर नुसत्या इथेनॉलमध्ये जीएफपी बाहेर झिरपून जातं, आधी थोडा वेळ फॉर्मल्डिहाइड द्यावं लागतं, आणि त्याने पीआयचे पीक जरा जाड होतात, ते चालवून घ्या. मॅरेक्ससाठी म्हणून ही बाटली एकटी घ्या असं मी कुणालाच सांगणार नाही.

काही छोट्या गोष्टी. पेशी गोळा करताना वर तरंगणाऱ्या टाकून देऊ नका, मायटोसिसमधल्या पेशी गोल होऊन सैल धरलेल्या असतात आणि मरणाऱ्याही तरंगतात, त्या फेकल्या की नेमका हवा तो भाग गेला. मॉक आणि व्हायरसची डिश सारख्याच दाटीची ठेवा, मॉक दाटून भरली तर तिच्या पेशी जी१ मध्ये जाऊन बसतात आणि व्हायरसचा परिणाम उगाच मोठा दिसतो. जी१ च्या डावीकडे येणारा कचऱ्यासारखा ढीग म्हणजे बहुतेक अपॉप्टोसिस (पेशीचं ठरवून मरणं), हे व्हायरस शेवटी पेशी मारतातच, त्यामुळे उशिराच्या वेळेचं सॅम्पल वाचताना जपून. डीएफ-१ मध्ये पी५३ चं काम मुळातच बदललेलं आहे असं छापून आलंय, तेव्हा पी५३ च्या रस्त्याबद्दल फक्त डीएफ-१ वरून काही ठरवू नका, भ्रूणाच्या ताज्या फायब्रोब्लास्टमध्येही बघा. रिओव्हायरसला बाहेरचं चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे इथेनॉलमध्ये ठेवलं म्हणजे मेला असं गृहीत धरून ट्यूब उघड्यावर नेऊ नका. आणि पीआय डीएनएत जाऊन बसणारा रंग आहे, हातमोजे लागतातच.

कुणी घ्यावी? इन्फेक्शियस ब्रॉंकायटिस किंवा रिओवर काम सुरू करताय, व्हायरस विभाजनात काही करतोय का एवढं पहिल्यांदा बघायचंय, तर बिनधास्त घ्या, सोबत एच३ ची अँटिबॉडी आणि केंद्रकांच्या प्रेपचं सामान त्याच ऑर्डरमध्ये मागवा. चिकन ॲनिमियावाल्यांना एच३ शिवाय गत्यंतर नाही कारण तिथे प्रश्नच मायटोसिसच्या आतला आहे. एस टप्प्याचं काम असेल तर पैसे आधी ईडीयूच्या किटवर घाला, त्यात त्या क्षणी डीएनए बनवत असलेल्या पेशी थेट चमकतात, पीआय नंतर जोडीला लावता येतं. बाटली फ्रिजमध्ये, फॉइल गुंडाळून ठेवा, आणि उघडल्यावर तारीख लिहा, कारण आरएनेझ ढिलं पडायला लागलं की पहिली खूण म्हणजे जी१ पीक पसरट होतो आणि ते व्हायरसचं काम वाटतं.